टॉर्टिया का तुटते आणि साल्सा केचपसारखा का लागतो

जळगावच्या एका ताईंनी विचारलंय. मुलगा पुण्याहून दिवाळीला येतोय आणि तिकडे कुठल्याशा कॅफेत खाल्लेला अंडं-टॉर्टियाचा मेक्सिकन नाश्ता त्याला घरी हवाय. ताईंनी एकदा करून पाहिला. मक्याच्या पिठाची टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकोची पातळ भाकरी, तव्यावरच तुटली, टोमॅटोचा सॉस केचपसारखा गोड झाला आणि सगळं ताटात येईपर्यंत अंडी गार झाली. अ‍ॅव्होकाडो आणि 'मेक्सिकन मसाला' जळगावात कुठे मिळेल, सासूबाई अंडं खात नाहीत त्यांचं काय करू, हेही त्यांना हवंय.

ताई, मी हॉटेलच्या किचनमध्ये बरीच वर्षं नाश्ताच सांभाळला. त्या अनुभवावरून आधी एक सांगतो: मसाल्याची पुडी आणायला जाऊ नका. तिच्यात मुख्यतः जिरं, तिखट, लसूण पावडर आणि ओरेगॅनो असतं, आणि ती चव टेक्सासची जास्त आहे. मेक्सिकोत जिरं पडतं, पण जपून. तुमचा मुलगा जे म्हणतोय ते बहुधा वेवोस रांचेरोस. तेलात जराशी परतलेली मक्याची टॉर्टिया, वर अर्धवट शिजल्या पिवळ्याचं तळलेलं अंडं, वर टोमॅटो-मिरचीचा गरम साल्सा आणि बाजूला ठेचून परतलेला राजमा. शेतावरचा, दिवस वर आल्यावर खायचा नाश्ता. यात मसाल्याचं काही कामच नाही. काम आहे ते भाजण्याचं आणि वेळेचं, आणि भाजणं तर आपल्याकडे भरितामुळे घराघरात येतं.

आता टॉर्टिया. तुमच्या हाताचा दोष नाही, पीठच ते नव्हतं. आपल्या दुकानात दोन वस्तू मिळतात: चक्कीवर दळलेलं मक्याचं पिवळं पीठ, आणि कॉर्नफ्लॉवर नावाची पांढरी भुकटी, जी निव्वळ स्टार्च आहे. टॉर्टिया या दोन्हीची होत नाही. मेक्सिकोत मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर त्यातच ठेवतात, सकाळी धुऊन ओलाच वाटतात. चुन्यामुळे दाण्यावरची साल सुटते आणि सालीतला चिवट भाग विरघळून डिंकासारखा होतो. मक्यात गव्हासारखं ग्लुटेन नाही, त्यामुळे पीठ धरून ठेवायला हाच डिंक कामी येतो. शिवाय दाण्यात अडकून पडलेलं नायसिन हे जीवनसत्त्व मोकळं होतं. मका युरोपात गेला तेव्हा ही पद्धत बरोबर गेली नाही, आणि जिथे गरीब माणूस मक्यावरच जगायला लागला तिथे नायसिन कमी पडून होणारा पेलाग्रा नावाचा रोग पसरला. मेक्सिकोत हजारो वर्षं मका खाऊनही तो तसा पसरला नव्हता.

हे घरी करता येतं, आणि खान्देशात तर सहज येतं, कारण मका दारात आणि चुना पानवाल्याकडे. फक्त मका नीट निवडा. पेरणीसाठी आणलेल्या पिशवीतला गुलाबी-लाल रंगाचा दाणा औषध लावलेला असतो, तो चुकूनही घेऊ नका. बुरशीचा, काळपट डागांचा मकाही नको. पावसात भिजलेल्या मालात तो निघतो. सातपुड्याच्या पट्ट्यात घरी खायला जो गावठी मका लावतात तो मिळाला तर उत्तम. नाहीतर कोंबडीखाद्याला आणि स्टार्चच्या कारखान्यांना जातो तो पिवळा संकरित मकाही चालतो, फक्त निवडून, पाखडून घ्या.

अर्धा किलो मक्याला दीड लिटर पाणी आणि पानात खायचा ओला चुना साधारण १० ग्रॅम. पांढऱ्या रंगासाठी मिळणारा चुना नको, आणि कळीचा चुना तर नकोच. तो पाण्यात पडताच उकळायला लागतो आणि भाजतो. भांडं स्टीलचं घ्या. अ‍ॅल्युमिनियमला चुना खातो. चुना आधी वाटीभर पाण्यात कालवा, पातेल्यात ओता, मका घाला, उकळी आली की मंद आचेवर अर्धा ते पाऊण तास ठेवा. दाणा गडद पिवळा होतो. एक दाणा बोटांत चोळा: साल निसटली पाहिजे, पण दाताखाली मध्ये थोडा कचकच लागला पाहिजे. तो मऊ पडेपर्यंत शिजवला तर वाटल्यावर लापशी होईल. झाकून रात्रभर ठेवा. सकाळी दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवा. थोडी साल राहिली तर राहू द्या.

वाटणं हाच खरा त्रासाचा भाग. ओला मका चक्कीवाला घेणार नाही. इडलीच्या दगडी ग्राइंडरमध्ये होतो, वेळ लागतो. मिक्सरमध्ये वाटीवाटीने घालून, दर वेळी तीन-चार चमचे पाणी टाकून, थांबत थांबत फिरवा. भांडं गरम होऊ देऊ नका. पाणी जास्त झालं तर वाटण सुती फडक्यावर पसरून ठेवा, फडकं ओढून घेईल. घरात पाटा-वरवंटा अजून अडगळीत असेल तर शेवटचा हात त्यावर फिरवा. मेक्सिकोतला पाटा आणि खल याच काळ्या, ज्वालामुखीच्या दगडाचे असतात, आणि आपला सगळा खान्देश त्याच जातीच्या दगडावर बसलाय. एवढी मेहनत नको असेल तर ऑनलाइन 'मासा हरिना' म्हणून याच प्रक्रियेचं वाळवलेलं पीठ मिळतं. महाग पडतं, पण दोन कप पिठाला दीड कप कोमट पाणी घातलं की काम झालं. ओलं पीठ केलंत तर त्याच दिवशी संपवा. दिवाळीत ठीक आहे, पण मे महिन्यात आपल्याकडच्या ४४-४५ अंशांत ते दुपारपर्यंत आंबतं.

लिंबाएवढा गोळा दाबून पाहा. कडेला भेगा पडल्या तर पाण्याचा हात लावा. हाताला चिकटला तर पाणी जास्त आहे. दुधाची पिशवी कापून दोन तुकडे करा, मध्ये गोळा ठेवा आणि सपाट बुडाच्या डब्याने दाबा. विताहून लहान, भाकरीहून बरीच पातळ. तवा चांगला तापलेला हवा. पहिली बाजू वीस सेकंद, उलटून पाऊण मिनिट, पुन्हा उलटली की फुगते. आणि भाजून झाली की उघडी ठेवू नका. जाड फडक्यात एकावर एक रचून पंधरा मिनिटं गुंडाळून ठेवा. स्वतःच्याच वाफेत ती मऊ होते. ही पंधरा मिनिटं वाचवली की टॉर्टिया चांगल्या पिठाचीसुद्धा तडकते.

आता माझं स्पष्ट मत. एवढा उपद्व्याप करायला वेळ नसेल तर बाजारातले मैद्याचे रॅप आणू नका, कळण्याची भाकरी करा. ज्वारीबरोबर दळलेल्या उडदाचा चिकटपणा तिला धरून ठेवतो. ती लहान आणि पातळ थापली तर तेलात परतूनही मोडत नाही, आणि साल्साखाली मैद्याच्या रॅपचा होतो तसा लगदा होत नाही. मीठ पिठातच असतं, तेव्हा साल्सात हात आखडता ठेवा. मेक्सिकोचा माणूस नाक मुरडेल, पण ताटात काय लागतं ते मी सांगतोय. मक्याच्या साध्या पिठाचा हट्टच असेल तर भाकरीसारखी उकड काढून मळा. तुटणं कमी होईल, टॉर्टियाची चव मात्र येणार नाही, कारण ती चव चुन्याची आहे.

गव्हाच्या टॉर्टियाही खऱ्याच, बरं का. उत्तर मेक्सिकोत, सोनोरात, त्याच जास्त. तिथल्या बायका एक प्रकार असा करतात की मऊ कणकेचा गोळा दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत झेलत झेलत ताणायचा आणि मोठ्या तव्यावर टाकायचा. व्हिडिओ मिळाला तर सासूबाईंना दाखवा. आपले खापरावरचे मांडे ज्यांनी केलेत त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. पण त्या टॉर्टिया गुंडाळून खायच्या. अंड्याखाली साल्सात भिजवायला मक्याचीच.

साल्सा केचपसारखा का झाला? तुम्ही टोमॅटो कच्चेच चिरून तेलात शिजवले असणार, आंबट लागले म्हणून साखर टाकली असणार. साखर नको. टोमॅटो भाजा. अर्धा किलो पिकलेले, शक्यतो पातळ सालीचे गावठी टोमॅटो, अर्धा कांदा मोठ्या फोडी करून, दोन-तीन हिरव्या मिरच्या आणि सालीसकट चार लसूण पाकळ्या. लोखंडी तव्यावर, तेलाचा थेंब न घालता. लसूण आणि मिरच्या आधी होतात, त्या काढून घ्या. टोमॅटो पंधरा मिनिटं तरी फिरवत राहा. साल काळी पडून फाटली पाहिजे आणि आतला रस तव्यावर चरचरला पाहिजे. नॉनस्टिकवर हे होत नाही. शेतात चूल असेल आणि कपाशीच्या काड्या असतील तर विचारूच नका. भरिताची वांगी भाजून झाल्यावर त्याच विस्तवात टोमॅटो टाका. मग लसूण सोला, टोमॅटोची अगदी कोळसा झालेली साल तेवढी काढा, बाकी डाग राहू द्या, आणि सगळं जाडसर वाटा. बारीक पेस्ट झाली की तो सॉस झाला.

इथपर्यंत बरेच जण येतात. पुढची पायरी सुटते. कढईत दोन चमचे तेल धूर निघायच्या बेताला तापवा आणि वाटण एकदम त्यात ओता. आवाज मोठा होईल, उडेल, झाकण हाताशी ठेवा. गरम तेलात पडताच त्याचा रंग बदलतो, कच्चा वास जातो, आणि आठ-दहा मिनिटांत ते चमच्यावर धरण्याइतकं घट्ट होतं. मीठ आत्ता. कोथिंबीर गॅस बंद केल्यावर. शेंगदाण्याचं तेल चालतं. तिकडे पूर्वापार डुकराची चरबी वापरतात. काळा मसाला घालायचा मोह होईल, घालू नका. घातलात तर ती शेवभाजीची तर्री होईल, आणि शेवभाजी आपण वेगळी खातोच की.

लाल साल्सा अधिक खोल हवा असेल तर सुकी मिरची. तिकडे ग्वाहियो नावाची, गुळगुळीत सालीची, रंग जास्त आणि तिखट कमी अशी मिरची वापरतात. आपल्याला जवळची पडते ती बेडगी. नंदुरबारची वापरायची तर एकच, बिया काढून. पथारीवर वाळलेली ती लाल मिरची दिसते तितकी गरीब नाही. तव्यावर दोन्ही बाजूंनी काही सेकंदच दाबायची. वास सुटला की लगेच गरम पाण्यात, वीस मिनिटं. काळी झाली तर फेकून द्या, सगळा साल्सा कडू होतो. मग टोमॅटोबरोबर वाटायची. हिरवा साल्सा तिकडे टोमॅटियोचा करतात, म्हणजे रसभरीच्या कुळातल्या, कागदी टरफलात येणाऱ्या आंबट फळाचा. आपल्याकडे थंडीत हिरवे कच्चे टोमॅटो भरपूर असतात, तेच भाजा, वर लिंबू पिळा. दोन अंडी, एकावर लाल साल्सा, एकावर हिरवा, मध्ये राजमा किंवा टॉर्टियाचे तुकडे. त्या ताटाला तिकडे 'घटस्फोटित अंडी' म्हणतात. मुलाला हे सांगा, आवडेल.

राजम्याचं थोडक्यात. चित्रा राजमा घ्या. तिकडचा पिंटो आणि आपला राजमा एकाच जातीचे. रात्रभर भिजवा, ते पाणी टाका, कुकरमध्ये पूर्ण मऊ करा. अर्धवट शिजलेला राजमा पोट बिघडवतो, म्हणून नुसत्या मंद आचेवर ठेवून देऊ नका. मग कांदा तेलात लाल करून त्यात राजमा त्याच्याच पाण्यासकट घालून डावाने ठेचा. पळीवरून सावकाश पडला पाहिजे. हे आदल्या रात्री करून ठेवा. साल्साही. दुसऱ्या दिवशी दोन्ही उलट चांगले लागतात.

अंडी गार झाली ती क्रमामुळे. घरी गॅसचे बर्नर दोनच असतात, म्हणून क्रम असा ठेवा: राजमा आणि साल्सा गरम करून झाकून बाजूला. ताटल्या गरम पाण्यातून काढून पुसून. मग कढईत बोटभर तेलात टॉर्टिया, एका बाजूला दहा-बारा सेकंद, उलटून तेवढंच. कडक करायची नाही. वाकली पाहिजे पण तेलाचा पातळ थर बसला पाहिजे, म्हणजे साल्साने लगेच भिजत नाही. कालची टॉर्टिया यासाठी ताज्यापेक्षा बरी, ओल कमी असते आणि तेल कमी पिते. टॉर्टिया कागदावर निथळत असतानाच दुसऱ्या तव्यात अंडी, सगळ्यात शेवटी. अंडं आधी वाटीत फोडा, मग तव्यात सोडा. मध्यम आच, आणि गरम तेल चमच्याने पांढऱ्यावर उडवत राहा. कडा जाळीदार तांबूस झाल्या तरी तिकडे कोणी नाव ठेवत नाही. पिवळं पातळ ठेवलं तरच ते साल्सात मिसळून खरी चव येते. पण घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर त्यांचं पिवळं पूर्ण घट्ट करा. ताटात टॉर्टिया, अंडं, वर साल्सा पिवळं उघडं राहील असा. आणि माणूस आधी पाटावर बसलेला हवा, अंडं नंतर.

सहा-सात जण असतील तर खरं सांगतो, रांचेरोस करूच नका. बारा अंडी एकाच वेळी गरम वाढणं हॉटेलातही अवघड जातं. त्यापेक्षा चिलाकिलेस. शिळ्या टॉर्टियाचे, किंवा शिळ्या कळण्याच्या भाकरीचे, त्रिकोणी तुकडे कुरकुरीत तळून ठेवायचे. सगळे बसले की गरम साल्सा कढईत उकळवायचा, तुकडे घालून मिनिटभर परतायचे, वर साय-दही फेटून, कच्चा कांदा, पनीर. अंडं वर एकेक, किंवा नाहीच. फोडणीची भाकरी ज्यांना आवडते त्यांना हे नाश्त्याचं काम पहिल्या घासातच पटतं. वेळ एकच सांभाळायची: साल्सात पडल्यावर तीन-चार मिनिटांत ताटात, नाहीतर कुरकुर जाते. आणि मुलगा सकाळी उशिरा उठून घाई करायला लागला तर वेवोस आ ला मेहिकाना: टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, म्हणजे त्यांच्या झेंड्याचे तीन रंग, आणि अंडी. आपली भुर्जीच, फक्त हळद-मसाला नाही, टोमॅटो गाळ होईपर्यंत परतायचा नाही आणि अंडी ओलसर असतानाच गॅस बंद.

जळगावात राहून एक प्रकार मात्र करायलाच हवा. मेक्सिकोच्या युकातान राज्यातल्या मोतूल गावच्या नावाने एक ताट आहे: टॉर्टियावर काळ्या राजम्याचा थर, अंडी, साल्सा, मटार, हॅम, चीज आणि बाजूला तळलेली केळी. तिथलं केळं जाड सालीचं, शिजवून खायचं. आपल्याकडे रावेर-सावद्याचं केळं पूर्ण पिकायच्या एक दिवस आधी घ्या, साल पिवळी पण देठाला हिरवट. बोटभर जाड तिरपे काप, थोड्या तेलात दोन्हीकडून तांबूस. जास्त पिकलेलं घेतलं तर तव्यावर विरघळतं. हॅम वगळा, काही बिघडत नाही. तिखट साल्सा आणि गोड केळं एका घासात घेऊन पाहा. पहिल्यांदा विचित्र वाटतं, दुसऱ्यांदा माणूस केळं आणखी मागतो.

अ‍ॅव्होकाडोवर पैसे घालू नका. मोठ्या शहरातून कच्चं येतं, पिकेपर्यंत आतून काळं निघतं, आणि या नाश्त्यात ते शोभेपुरतं आहे. चीजच्या चौकोनी वड्याही नकोत. तिकडचं ताजं चीज वितळत नाही, भुरभुरतं, आणि मीठ-लिंबू लावून कुस्करलेलं घरचं पनीर त्याच्या पुष्कळ जवळ जातं. कोणी वरून शेव मागेल. द्या, आपलं घर आहे.

सासूबाईंचं सोपं आहे, फक्त आधी करायचं. राजमा, साल्सा, टॉर्टिया यांत अंड्याचा संबंधच नाही. रॅप आणले असतील तर पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून घ्या. अंड्याला हात लावायच्या आधी त्यांची ताटली वाढा: परतलेली टॉर्टिया, जाड थर राजमा, वर पनीरचे दोन जाड काप त्याच भाजल्या-तव्यावर डाग पडेपर्यंत शेकून, त्यावर साल्सा. तवा त्यांचा वेगळा असेल तर तोच वापरा, आणि साल्सा त्यांच्यापुरता आधीच वेगळ्या वाटीत काढून ठेवा, म्हणजे अंड्याच्या ताटात फिरलेली पळी परत त्यात जायचा प्रश्न येत नाही. तिखट त्यांना सोसत नसेल तर भाजलेली मिरची त्यांची वाटी काढल्यावर वाटा.